समोर टीव्ही एक, डावीकडे मॉनिटर दोन आणि उजवीकडे काहीच नाही: काकांच्या सेसना कॉकपिटची केस

घरी बांधलेल्या सेसना विमानाच्या सिम्युलेटरसाठी काकांची मागणी ऐकायला अगदी साधी होती. डाउनविंडवर (उतरण्याआधी रनवेला समांतर, उलट दिशेने उडतात त्या टप्प्यावर) असताना डावीकडे मान वळवली की रनवे दिसला पाहिजे, बस. बाकी ग्राफिक्स कसे आहेत, ढग खरे वाटतात का, पाण्यावर चमक येते का, यातलं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

काका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे, पिंपरीत टूलरूममध्ये आयुष्य काढून रिटायर झालेले, वय ६३. तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जाऊन ग्लायडिंग शिकले होते, मग लग्न, नोकरी, ते सगळं सुटलं. रिटायर झाल्यावर मुलाची खोली रिकामी झाली आणि तिथे त्यांनी प्लायचं सेसना १७२ चं पॅनल बांधलं, योक (विमानाचं स्टिअरिंग), पेडल, थ्रॉटल सगळं लावलं, पॅनलच्या मागे एक २४ इंची मॉनिटर आडवा ठेवून प्लायला गोल भोकं पाडली आणि एअर मॅनेजर नावाच्या सॉफ्टवेअरने त्यात विमानाची घड्याळं दाखवली. इतकं सगळं स्वतः केलं. बाहेरचं दृश्य कशावर दाखवायचं इथे येऊन गाडी अडली आणि मी आयटीवाला म्हणून मला बोलावणं आलं. (आयटीवाल्याला प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं येतं असा सोसायटीचा समज आहे, असो.)

खोली ११ बाय १० फूट. एका भिंतीला कपड्यांचं कपाट, ते हलवायचं नाही, काकूंचा आदेश. स्क्रीनसाठी बजेट दीड लाख, त्यात ग्राफिक्स कार्ड धरलेलं नाही, असलेलंच ८ जीबीचं कार्ड वापरायचं. सिंगल सीट, म्हणजे पायलट डावीकडे आणि उजवीकडे काकूंसाठी एक खुर्ची, "आलीच कधी तर".

काकांच्या डोक्यात प्रोजेक्टर पक्का बसला होता. अर्धवर्तुळाकार पांढरा पडदा, वर तीन प्रोजेक्टर, समोर १८० अंश आकाश. आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काहीच नाही, मोठी सिम्युलेटर अशीच चालतात. एअरलाइनच्या पायलटना ट्रेनिंग देणाऱ्या वरच्या लेव्हलच्या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक पायलटला साधारण १८० अंश आडवं आणि ४० अंश उभं दृश्य मिळावं लागतं, आणि तिथे प्रोजेक्टरचं चित्र आधी एका पडद्यावर आणि मग मोठ्या गोलाकार आरशातून डोळ्यापर्यंत येतं. आरशामुळे चित्र लांबवर असल्यासारखं वाटतं, मग डावा पायलट असो की उजवा, दोघांनाही रनवे सरळ नाकासमोर दिसतो. हा आरसा घरी बनवायचा नाद करणारे जगात आहेत, पण आपण १० फुटी खोलीत बोलतोय.

मी काकांना म्हटलं आधी एक प्रोजेक्टर उधार आणून बघू. त्यांच्या पुतण्याचा क्लास आहे, तिथला एक रविवारी आणला. साधा क्लासातला प्रोजेक्टर, त्याचा थ्रो रेशो दीडच्या आसपास, म्हणजे २ मीटर रुंद चित्र हवं तर मशीन ३ मीटर मागे. आमची खोलीच लांबीला ३.३५ मीटर. म्हणजे प्रोजेक्टर काकांच्या डोक्यामागे, आणि मग समोरच्या भिंतीवर रनवेच्या मधोमध काकांच्या डोक्याची सावली, कान सकट. शॉर्ट थ्रो घेतला तर सावलीचा प्रश्न सुटतो, ०.५ रेशोचा असेल तर १ मीटरवरून २ मीटर रुंद चित्र पडतं, पण तसा फुल एचडी प्रोजेक्टर एकेकच बजेटच्या निम्म्याच्या आसपास जात होता आणि आम्हाला लागणार होते तीन.

संध्याकाळी लाइट बंद करून मुंबईवर रात्रीचं अ‍ॅप्रोच (रनवेकडे उतरत येणं) लावलं. आकाश काळं नाहीच, राखाडी. प्रोजेक्टर काळा रंग दाखवताना सुद्धा थोडा प्रकाश टाकतच असतो. आता तीन प्रोजेक्टर लावले की त्यांची चित्रं कडेला एकमेकांवर चढवावी लागतात, मग सॉफ्टवेअरने ती जोडायची आणि पडद्याच्या गोलाईप्रमाणे वाकवायची, याला वॉर्प आणि ब्लेंड म्हणतात, त्याची चांगली सॉफ्टवेअर मिळतात. दिवसा सांधा कळत सुद्धा नाही. रात्री मात्र जिथे दोन चित्रं एकावर एक येतात तिथे दोघांचा राखाडी उजेड मिळून उभा पट्टा दिसतो, आणि काळ्यापेक्षा काळं काही दाखवता येत नसल्यामुळे सॉफ्टवेअरकडे त्याला नीटसा इलाज नसतो, उलट बाकीचं चित्रच थोडं उजळावं लागतं.

तरी काका हटेनात, मग खोलीच मोजली. दीड मीटर त्रिज्येचा पडदा म्हणजे ३ मीटर व्यास अधिक चौकटीची जाडी, आणि खोली रुंदीला ३.०५. काकांनी स्वतःच टेप गुंडाळला आणि म्हणाले, "अरे, मग आत यायचं कुठून?" प्रोजेक्टर तिथे संपला. वर उन्हाळ्यात बंद खोलीत तीन दिवे, एकेक दोन-अडीचशे वॅटचा, म्हणजे शेगडीच ती, हे मी बोललोच नाही.

एक मोठा ५५ इंची टीव्ही आणि हेड ट्रॅकिंग हा सगळ्यात स्वस्त पर्याय, तो आम्ही त्यांच्या हॉलमधल्या टीव्हीवर आठवडाभर चालवून बघितला. वेबकॅम आणि मान कुठे वळली ते ओळखणारं ओपनट्रॅक सॉफ्टवेअर, फुकट काम. यात काय होतं की तुम्ही मान ३० अंश वळवली की दृश्य ९० अंश वळतं, पण डोळे मात्र समोरच्या टीव्हीवरच तिरके खिळवून ठेवायचे. नवीन मुलांना दोन दिवसांत सवय होते. काकांना झाली नाही, कारण त्यांची मान हडपसरला तयार झालेली आहे, बघायचं तर पूर्ण वळून बघायचं. वळले की टीव्हीच नजरेतून जायचा. शिवाय प्रोग्रेसिव्ह चष्मा, त्याच्या कडेने तिरकं बघितलं की सगळं पोहतं. तिसऱ्या दिवशी गरगरायला लागलं आणि तो विषय संपला. व्हीआर हेडसेट मी सुचवून बघितला, त्यावर एवढंच उत्तर आलं की चार महिने घासून केलेलं पॅनल मग मी कशाला केलं.

मग उरले मॉनिटर. इथे सगळेच जण इंचात विचार करतात, आम्हीही केला, तीन ३२ इंची आणू, समोर एक आणि दोन बाजूंना दोन, झालं. पण डोळ्याला इंच कळत नाहीत, डोळ्याला कळतो कोन. ३२ इंची स्क्रीनची रुंदी साधारण ७१ सेंटीमीटर. ती डोळ्यापासून ६५ सेंटीमीटरवर असेल तर ५७ अंश भरते, तीच ९५ वर ठेवली तर ४१. म्हणजे अंतर बदललं की त्याच पैशात वेगळाच मॉनिटर मिळतो म्हणा ना.

हे काकांना मी कागदावर सांगत बसलो होतो तेवढ्यात ते उठले आणि ओळंबा घेऊन आले. खुर्चीत नीट बसून डोळा जिथे येतो त्या बिंदूवर छतावरून ओळंबा सोडला, त्या दोरीला सुतळी बांधली, किराणा दुकानातून खोकी आणून पुठ्ठे कापले, एक ४३ इंची मापाचा, दोन ३२ इंची मापाचे, आणि ते पुठ्ठे दोन दिवस सुतळीने टांगून ठेवले होते. काकू म्हणाल्या गणपतीचं डेकोरेशन लवकर सुरू झालं वाटतं. पण दीड लाखाच्या खरेदीत सगळ्यात कामाचे ठरले ते हे फुकटचे पुठ्ठे.

पहिली गोष्ट पुठ्ठ्याने दाखवली ती ही की समोरची स्क्रीन ६५ वर येऊच शकत नाही. डोळ्यापासून पॅनलच ७० सेंटीमीटरवर आहे, त्याच्यावर ग्लेअरशील्ड (पॅनलवरचा छज्जा), त्याच्या पलीकडे स्क्रीन, म्हणजे कमीत कमी ९५. बहुतेक लोक टेबलावर मॉनिटर ठेवून गणित करतात आणि मग मध्ये कॉकपिट येतं. तिथे ३२ इंची लावला असता तर समोर फक्त ४१ अंशांची खिडकी मिळाली असती. ४३ इंची टीव्ही, रुंदी ९५ सेंटीमीटर, अंतरही ९५, कोन आला ५३ अंश. आणि उभा कोन, जो मला सगळ्यात जास्त खटकेल असं वाटत होतं, तो समोर साडेएकतीस आणि बाजूला ३४ आला, म्हणजे जवळपास जुळला. वेगवेगळ्या मापाच्या स्क्रीन लावल्या तर विचित्र दिसेल ही माझी भीती इथे गेली, डोळ्याच्या जागेवरून त्या सारख्याच उंचीच्या दिसतात.

दुसरी गोष्ट काकांनीच काढली, आणि या सगळ्या प्रकरणाचा गाभा मला वाटतं तोच आहे. ते ओळंब्याखाली बसून डाव्या-उजव्या पुठ्ठ्यांकडे बघत म्हणाले, "उजवीकडचा मला कशाला पाहिजे?"

मी म्हटलं काका, सगळेच असं लावतात, समोर एक, दोन्हीकडे एकेक.

"सगळे लावतात लावू दे. मी बसतो डावीकडे. सर्किट डावं. डाउनविंडला रनवे डावीकडे, बेसला डावीकडे, फायनलला वळताना डावीकडे. उजवीकडे काय बघायचंय, तुझी काकू?"

पॉइंट बरोबर होता. सर्किट, म्हणजे रनवेभोवतीचा चौकोनी फेरा (डाउनविंड, मग रनवेकडे काटकोनात वळून बेस, मग रनवेसमोर सरळ फायनल), सर्वसाधारणपणे डाव्या हाताचंच असतं, आणि शिकवताना सांगतात की डाउनविंडवर रनवेचा थ्रेशोल्ड (जिथे उतरायचं ते टोक) पंखाच्या मागे ४५ अंशांवर गेला की बेसला वळायचं. पंख नाकापासून ९० अंशांवर, त्याच्या मागे ४५, म्हणजे १३५ अंश. नेहमीसारखं समोर-डावा-उजवा लावलं असतं तर डावीकडे ८४ अंशांपर्यंतच दिसलं असतं, म्हणजे रनवे बरोबर शेजारी आला की गायब. ज्या कामासाठी खर्च करतोय तेच काम होणार नव्हतं. तोच उजवा मॉनिटर उचलून डाव्या मॉनिटरला लागून आणखी मागच्या बाजूला लावला तर डावीकडे जवळपास १४१ अंशांपर्यंत चित्र जातं. खर्च तेवढाच, स्क्रीन तेवढ्याच. आणि कॉकपिटमध्ये चढायला उजवी बाजू मोकळी राहते हा वरचा फायदा, कपाट पण तिकडेच.

नेटवर शेकडो लोकांचे सेटअप बघून झाले होते माझे, पण हे मला सुचलं नव्हतं.

आता पिक्सेलचा हिशोब, कारण कार्ड ८ जीबीचं. समोरचा टीव्ही फोर के घ्यायचा हे नक्की, लांबचा रनवे तिथेच दिसतो. ५३ अंशांत ३८४० पिक्सेल म्हणजे अंशाला ७२ पडतात, चांगल्या डोळ्याची मर्यादा साधारण ६० धरतात, म्हणजे भरपूर झालं. ४५ मीटर रुंद रनवे ५ नॉटिकल मैलांवरून पाव अंशाच्या थोडा वर भरतो, त्याला इथे २० पिक्सेल मिळतात. तीन फुल एचडी प्रोजेक्टरवर १८० अंश पसरले असते तर चित्रं एकमेकांवर चढवून अंशाला २८ च्या आसपास, म्हणजे तोच रनवे ८ पिक्सेलचा, एक पांढुरकी काडी. बाजूच्या मॉनिटरना मात्र मी फोर के सोडा, क्यूएचडी (फुल एचडी आणि फोर के यांच्या मधलं) पण नको म्हटलं. तिकडे रनवे मैलभर अंतरावरच असतो, मोठा दिसतो, फुल एचडीवर पण पुरेसे पिक्सेल मिळतात, झालं की. मॉनिटरवाले सांगतात ३२ इंचावर फुल एचडी म्हणजे दाणे दिसतात, दिसतातच, एक्सेल उघडलं तर वैताग येतो, पण शेतं आणि टेकड्या बघायला कोण मोजतंय दाणे. तिन्ही मिळून सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल झाले, फक्त टीव्हीच्या दीडपट. तरी सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम पहिल्या दिवशी २२ वर आल्या, कारण प्रत्येक स्क्रीनसाठी सिम्युलेटर अख्खं दृश्य पुन्हा काढतो, त्याचा भार प्रोसेसरवर पण येतो, नुसते पिक्सेल मोजून कळत नाही. सावल्या आणि झाडं-इमारती खाली आणल्यावर ३० च्या वर स्थिर झालं, सर्किट मारायला पुरतं.

सिम्युलेटर एक्स-प्लेन १२ ठरला. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये २०२२ मध्ये अनेक मॉनिटरची प्रायोगिक सोय आली आणि दिसायला तोच देखणा आहे यात वाद नाही, पण आम्हाला प्रत्येक स्क्रीनचा कोन आणि वळण आकड्यात टाकायचं होतं आणि एक्स-प्लेनमध्ये ते सरळ सेटिंगमध्ये आहे, मॉनिटरगणिक फील्ड ऑफ व्ह्यू वेगळा, आडवं ऑफसेट (स्क्रीन नाकासमोरून किती अंश बाजूला आहे ते) वेगळं, उभं वेगळं. काकांसारख्या माणसाला आकडे टाकायची खिडकी दिली की तो सुखी.

उभ्या ऑफसेटचं पण सांगतो, छोटंच आहे पण फरक पडला. १७२ चा पंख वर असतो, त्यामुळे बाजूच्या खिडकीतून वर फार काही दिसत नाही, बघायचं असतं ते खाली. हजार फुटांवरून मैलभर लांबचा रनवे क्षितिजाच्या ९-१० अंश खाली असतो. म्हणून बाजूचे दोन्ही मॉनिटर ८ सेंटीमीटर खाली घेतले, वरची कड किंचित मागे झुकवली म्हणजे नजरेला काटकोनात राहतात, आणि सेटिंगमध्ये उणे ७ टाकलं. मॉनिटर नजरेला काटकोनात असले की स्वस्त पॅनलच्या व्ह्यूइंग अँगलची रडगाणी पण फारशी उरत नाहीत. कर्व्ह्ड मात्र घेऊ नका, सांध्यावर क्षितिज वाकतं.

बसवल्यावर दोन गोष्टी चुकल्या.

एक म्हणजे दोन डाव्या मॉनिटरचा सांधा ८४ अंशांवर आला होता, म्हणजे रनवे शेजारून जाताना नेमका पट्टीआड. काका पहिल्याच सर्किटला ओरडले. मग अख्खा सेट ६ अंश उजवीकडे फिरवला, टीव्ही १० सेंटीमीटर उजवीकडे सरकवून किंचित वळवला, ऑफसेट अधिक ६, उणे ४९ आणि उणे १०६ केले (बेझलचा, म्हणजे मॉनिटरच्या चौकटीचा, एक-दीड अंश वेगळा, तो डोळ्यानेच जुळवला). सांधा ७८ वर गेला आणि रनवे मोकळा झाला. टीव्ही ९५ वर आणि शेजारचा मॉनिटर ६५ वर असल्यामुळे तिथे पायरी पडते, डोकं हललं की फट दिसते, त्यावर काकांनी प्लायचा खांब उभा केला, १७२ च्या काचेला कडेला तसा खांब असतोच, त्यामुळे उलट खरं वाटायला लागलं.

दुसरी चूक चष्म्याची आणि ती माझ्या ध्यानीमनी नव्हती. सगळं जुळलं तरी काका सारखी हनुवटी वर करायचे, अर्ध्या तासात मान धरायची. पॅनल ७० वर, बाजू ६५ वर, समोर ९५ वर, ही सगळी मधली अंतरं, आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मधल्या अंतराची पट्टी असते अरुंद, सरळ नजरेच्या थोडी खाली. खऱ्या विमानात बाहेरचं जग लांब असतं, ते वरच्या भागातून दिसतं, इथे जग ९५ सेंटीमीटरवर संपतं ना. चष्मेवाल्याकडे हीच तिन्ही अंतरं सेंटीमीटरमध्ये लिहून नेली, त्याने लांबच्या नंबरात सव्वाची भर घालून साधा एकच नंबर असलेला चष्मा करून दिला, फक्त कॉकपिटसाठी. दोन हजार रुपये. त्या दिवशी संध्याकाळी काकांनी मला फोन करून विचारलं की तू टीव्हीचं काही सेटिंग बदललंस का, इतकं स्वच्छ कसं दिसतंय.

टीव्हीची कटकट मात्र आहे. गेम मोड चालू नसेल तर योक हलवल्यावर चित्र मागून येतं आणि मग माणूस जास्तच योक ओढतो, विमान डुलत राहतं, तो मोड आधी लावायचा. अक्षरांच्या कडा रंगीत दिसत होत्या, ते एचडीएमआय पोर्टचं पीसीचं सेटिंग केल्यावर गेलं. आणि गुरुवारी लाइट गेली की टीव्ही पीसीबरोबर आपोआप चालू होत नाही, पीसीला दोनच स्क्रीन दिसतात आणि सगळी मांडणी विस्कटते, म्हणून आधी रिमोट, मग पीसी, असा कागद काकांनी पॅनलवर चिकटवलाय, चेकलिस्टच्या पहिल्या ओळीला.

काकू एकदा आल्या बसायला, पुणे ते शिर्डी. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "अहो, हे विमान तिरकं चाललंय." बरोबरच होतं त्यांचं. सगळं दृश्य काकांच्या डोळ्याच्या जागेसाठी काढलेलं, त्या अर्धा मीटर उजवीकडे, ९५ सेंटीमीटरच्या स्क्रीनवर अर्धा मीटर म्हणजे २८ अंश. काकांना सरळ दिसणारा रनवे त्यांना २८ अंश डावीकडे दिसणार. पडदा २ मीटरवर असता तर हे निम्मं झालं असतं. म्हणून कोणाला दोन सीटचं बोइंग ७३७ करायचं असेल, हॉल मोठा असेल, तर मी पण प्रोजेक्टरच घ्या म्हणेन, तिथे मॉनिटरला अर्थ नाही.

एकूण खर्च नव्वद हजारांच्या आत बसला, ब्रॅकेट आणि अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल धरून. उरलेल्या पैशात ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणून मी मागे लागलोय, काकांना त्यात पेडल बदलायचेत.

आणि ६ अंश फिरवल्यामुळे एक मजा झाली. डावीकडची शेवटची कड आता बरोबर १३५ अंशांवर येते. त्यामुळे काका पंखामागचे ४५ अंश मोजत बसत नाहीत, थ्रेशोल्ड कडेवरून गेला की "गेला रे" म्हणतात आणि बेसला वळतात. जिथे उजव्या हाताचं सर्किट आहे अशा एअरफील्डला मात्र ते जातच नाहीत. तिकडे मान वळवली की रनवेच्या जागी कपाट दिसतं.